एका अणूतून किती युनिट?

प्रश्न: युरेनियम-२३५ चा एक अणू फुटला की साधारण २०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते असं वाचलं. ते युनिटमधे करून बघितलं तर उत्तर १०च्या २०व्या घातात आलं. इतकी वीज खरंच एका अणूतून निघते का, की माझं काही चुकतंय?

उत्तर: चुकलंय, पण एकाच जागी, आणि ही चूक खूप जणांची होते. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.६ गुणिले १०चा उणे १९वा घात ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं मूळ माप), तुम्ही या संख्येने गुणायच्या ऐवजी भागलंत. जगभरात वर्षाला साधारण १०च्या १३व्या घातात युनिट वीज वापरतात, म्हणजे तुमच्या हिशोबाने एक अणू सगळ्या जगाला कोटभर वर्षं पुरला असता! उत्तर आलं की असं एखाद्या ओळखीच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचंच, ही सवय मला सूत्रापेक्षा महत्त्वाची वाटते.

आता नीट करू. थेट युनिटकडे उडी मारू नका, मधे ज्यूलवर थांबा. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे माप ज्यूलपेक्षा फारच चिमुकलं आहे, त्यामुळे ज्यूलमधला आकडा लहानच यायला हवा, मोठा आला की समजायचं गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली. २०० मेगा म्हणजे २ गुणिले १०चा ८वा घात, त्याला वरच्या संख्येने गुणलं की ३.२ गुणिले १०चा उणे ११वा घात ज्यूल. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल. आता मात्र भागायचं, आणि उत्तर येतं साधारण ८.९ गुणिले १०चा उणे १८वा घात युनिट. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

कॅलक्युलेटरवर करत असाल तर ईएक्सपी बटणात १० आधीच धरलेला असतो, परत १० गुणिले टाईप केलं की एक शून्य जास्तीचं येतं. शक्यतो घातांकांची बेरीज-वजाबाकी वेगळी कागदावर करा आणि पुढचे आकडे वेगळे, चूक लगेच दिसते. आणि मापाच्या चिन्हातला इंग्रजी एम नीट बघा, छोटा एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, दोघांत १०० कोटी पटींचा फरक आहे.

मग अणुवीज येते कुठून? तर अणूंच्या संख्येतून. १ ग्रॅम युरेनियम-२३५ मधे साधारण २.५६ गुणिले १०चा २१वा घात इतके अणू असतात, तेवढे सगळे फुटले तर सुमारे २२,८०० युनिट होतात. कार्बनचा एक अणू जळताना साधारण ४ इलेक्ट्रॉनव्होल्टच मिळतात, नुसते ४, मेगा वगैरे काही नाही, म्हणजे अणूला अणू धरला तर युरेनियम जवळपास ५ कोटी पट पुढे! मला तर हा आकडा दरवेळी नव्याने थक्क करतो.

फक्त हे २२,८०० युनिट उष्णतेचे आहेत हं, विजेचे नाहीत. पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवताना साधारण एक तृतीयांशच वीज हाती लागते, म्हणजे ७,५०० युनिटच्या आसपास.