पॉलिमर मिसळलेले पाणी ‘चिकट’ की ‘तार धरणारे’?

‘पॉलिमर विरघळल्याने पाणी चिकट होते आणि त्यातून जाणाऱ्या वस्तूला होणारा रोध कमी होतो’, या वाक्यातील ‘चिकट’ हा शब्द बरोबर आहे का, असे एका अनुवादक मैत्रिणीने विचारले आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे, कारण पाणी खरोखरच चिकट झाले असते तर वस्तूची वाट अधिक अवघड झाली असती.

बोटांना धरून राहणारा डिंक आणि संथ ओघळणारी काकवी, दोन्हींना आपण चिकटच म्हणतो. यांपैकी दुसऱ्या गुणाला शास्त्रात श्यानता असा शब्द आहे. येथे मात्र १,००० लिटर पाण्यात पॉलिएथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर जेमतेम १० ग्रॅम असले तरी रोध घटलेला दिसतो, आणि एवढ्याने श्यानता फारशी बदलत नाही. टॉम्स या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये नळीतील प्रवाहाबाबत हे मांडले, म्हणून त्याला टॉम्स परिणाम म्हणतात. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या; त्या एरवी गुंडाळलेल्या असतात. वस्तूच्या पृष्ठभागालगत पाणी खळबळू लागले की त्या ताणल्या जातात आणि भोवऱ्यांना वाढू देत नाहीत. संथ प्रवाहात भोवरेच नसतात, त्यामुळे तेथे हा लाभही मिळत नाही.

या ताणले जाण्याला आपल्या स्वयंपाकघरात फार नेमका शब्द आहे: तार. भेंडी चिरताना सुरी हळूच वर उचलून पाहावी. तार सुटते, लांबत जाते आणि तुटली की आक्रसून मागे जाते. साखरेच्या पाकालाही तार येते, परंतु ती दाटपणामुळे, आणि तिला असे आक्रसणे नसते. म्हणून हा शब्द वापरताना भेंडीचा दाखला जोडावा, असे मला वाटते.

‘बुळबुळीत’ हाही पर्याय सुचतो. काही माशांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव पाण्याचे घर्षण घटवतो, हे १९७१ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. तरीही तो शब्द हाताला काय लागते तेवढेच सांगतो, कारण सांगत नाही. मी लिहीन: ‘पॉलिमरमुळे पाणी भेंडीसारखी तार धरते आणि खळबळत्या प्रवाहात वस्तूला होणारा घर्षणरोध कमी होतो.’

‘रोध’ऐवजी ‘ओढ’ मात्र लिहू नये. नदीकाठी ‘आज पाण्याला ओढ आहे’ असे म्हणतात, तेव्हा पाणी माणसाला आपल्याबरोबर वाहून नेईल असा इशारा असतो. येथे तर पाणी वस्तूला अडवत असते.