एसटी-7 कॅमेरा आणि नवा लॅपटॉप

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या माझ्या मावसभावाने त्याचा एसबीआयजी कंपनीचा जुना एसटी-7 कॅमेरा (दुर्बिणीला लावून आकाशाची चित्रं घेणारा) मला दिला. माझी दुर्बीण 8 इंची, एफ/10 आहे. कॅमेऱ्याची केबल प्रिंटरच्या जुन्या 25 पिनांच्या, म्हणजे पॅरलल पोर्टची आहे. यूएसबीला लागणारी पॅरलल केबल आणली, पण विंडोज 10 ला कॅमेरा दिसतच नाही. आता हा भंगारातच काढायचा का? – एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, भंगाराचं नावही काढू नका. नव्वदच्या दशकात या कॅमेऱ्याने हौशी निरीक्षकांच्या हाती खरं मोजमाप दिलं, आणि ते काम तो आजही करू शकतो.

तुम्ही आणलेली केबल फक्त प्रिंटरसाठी असते. मजकूर घ्यायचा आणि पुढे ढकलायचा, एवढंच तिला येतं. एसटी-7 चा प्रोग्राम मात्र पोर्टच्या एकेका पिनेचा व्होल्टेज स्वतः वरखाली करतो आणि स्वतः वाचतो. ती मुभा या केबलमध्ये नाही. शिवाय त्या काळचा 32 बिटांचा ड्रायव्हर 64 बिटांचं विंडोज घेत नाही. त्यामुळे वेगळ्या कंपनीची केबल आणूनही काही साधणार नाही.

माझं स्पष्ट मत असं, की कॅमेऱ्याला त्याच्याच पिढीचा संगणक द्यावा आणि नव्या लॅपटॉपकडे फक्त चित्रं पाठवावीत. जुन्या संगणकांच्या दुकानात मदरबोर्डवरच पॅरलल पोर्ट असलेला, विंडोज एक्सपी चालणारा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप शोधा. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, पोर्ट चालू आहे ना, त्याचा पत्ता 378 आहे ना, ते पाहा. नव्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घालण्याचा मोह होईल, पण त्या पोर्टचा पत्ता सहसा वेगळाच पडतो आणि जुना प्रोग्राम त्याला शोधत बसतो. सीसीडीऑप्स हा कॅमेरा चालवणारा प्रोग्राम आणि एक्सपीचा ड्रायव्हर यांची मूळ सीडी भावाकडे असेल तर मागवून घ्या.

केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद हवेत. चालू पोर्टात केबल खुपसली तर पोर्ट जळू शकतो. वीजपुरवठाही कॅमेऱ्यासोबत आलेलाच वापरा, बाजारातला 12 व्होल्टचा अडॅप्टर लावू नका.

पहिली चाचणी घरातच, टोपी लावून करा. थंड करणारी यंत्रणा सुरू करून खोलीपेक्षा 20 अंश खालचं तापमान मागा. ते स्थिर राहिलं की मिनिटभराची डार्क फ्रेम, म्हणजे पूर्ण अंधारातलं चित्र, घ्या. पुढे टोपी काढून घेतलेल्या चित्रात बर्फाच्या नक्षीसारखे डाग दिसले तर आत दमट हवा शिरली आहे, असं समजा. कॅमेऱ्याला आर्द्रता शोषणाऱ्या दाण्यांची डबी आहे. ती काढून ओव्हनमध्ये तापवली की पुन्हा कामाला येते. पावसाळ्यानंतर हे करावंच.

चित्रं फिट्स या खगोलशास्त्रातल्या फाइल-स्वरूपात साठवा. हे स्वरूप 1981 पासूनचं आहे आणि सिरिल हा आजचा खगोलचित्रांचा प्रोग्राम ते विनातक्रार उघडतो. ने-आण पेनड्राइव्हने करा. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती 2014 मध्येच थांबली, म्हणून त्या संगणकाला इंटरनेट लावू नका.

765 गुणिले 510 पिक्सेल ऐकून हिरमुसू नका. पिक्सेल 9 मायक्रॉनचे आहेत. तुमच्या दुर्बिणीवर आकाशाचा साधारण 12 गुणिले 8 कलांचा तुकडा मिळेल (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). तेजोमेघांच्या देखण्या चित्रांना हा तुकडा अपुरा आहे, पण रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांसाठी उत्तम. हंस तारकासमूहातला एक्सएक्स सिग्नी हा तारा घ्या. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी) साधारण 11.3 ते 12.1 अशी बदलते आणि अख्खं चक्र सव्वातीन तासांच्या आत पुरं होतं. ऑक्टोबरात अंधार पडताच सुरुवात केली तर एकाच रात्रीत पूर्ण आलेख हाती येतो. विद्यार्थ्यांना सोबत बसवा. तारा उजळताना त्यांनी स्वतः मोजलेला असेल, तर ते हा विषय विसरणार नाहीत.

अशा निरीक्षणात वेळ चुकली की सगळंच चुकतं. जुन्या संगणकातली सीआर2032 बॅटरी आधी बदला आणि दर रात्री घड्याळ मोबाइलशी जुळवा. फिट्सच्या नोंदीत जागतिक वेळ हवी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. विंडोजमध्ये टाइम झोन बरोबर निवडला आहे ना, तेवढं पहिल्याच फ्रेमला तपासून घ्या.