कॅनडातल्या जुन्या घराच्या गंजलेल्या जाळ्या थंडीआधीच रंगवून घे

भाऊ, ओंटारिओत भाड्यानं ठरवलेल्या घराचे फोटो पाहून तू विचारलंस की जमिनीतल्या लोखंडी जाळ्या गंजल्यात, तर दर्यापूरहून रेड ऑक्साइडचा डबा आणू का? आणू नकोस. असला रंग ज्वालाग्राही, विमानात नेऊ देत नाहीत. गंजरोधक प्रायमर इथं कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

तळघरातल्या फर्नेसमध्ये, म्हणजे घर गरम ठेवायच्या यंत्रात, तापलेली हवा पत्र्याच्या डक्टमधून याच जाळ्यांवाटे खोलीत येते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते बुटांना चिकटून घरात येतं, म्हणून दाराजवळची जाळी सगळ्यात जास्त खाल्ली जाते. बाथरूमची वाफेनं गंजते. या दोन आधी धर.

घरमालकाला मेसेज करून परवानगी घे. घर १९६० च्या आधीचं असेल, तर जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. घरात लेकरू आहे, तेव्हा ती जाळी घासूच नकोस, मालकाकडून नवी बसवून घे. चार बाय दहा इंचांची सगळीकडे मिळते.

बाकीच्यांचं काम आपल्या कूलरच्या टाकीसारखंच: गंज न खरवडता रंग मारला की महिनाभरात पापुद्रे सुटतात. फर्नेस बंद ठेव, जाळी काढ, भोकावर पुठ्ठा ठेव, नाहीतर स्क्रू थेट डक्टमध्ये जातो. भांड्यांच्या साबणानं धू, तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं गंज काढ. मग पूर्ण वाळू दे. पट्ट्यांच्या सांध्यात पाणी अडून बसतं आणि गंज तिथूनच परत सुरू होतो, म्हणून मी जाळी रात्रभर उभी ठेवतो. नंतर प्रायमर आणि स्प्रे रंगाचे दोन पातळ हात, बाहेर अंगणात. रंग ओला असतानाच जाळीमागच्या, हवा कमी-जास्त करायच्या झडपेची दांडी हलवत राहा, नाहीतर झडप चिकटते. जाळीतून येणाऱ्या गरम हवेला धातूसाठीचा साधा इनॅमल पुरतो, भट्टीची धग सोसणारा महागडा रंग नको.

सप्टेंबरात येतोयस, तर पहिल्या पंधरवड्यातच उरक. पुढं १० अंशांच्या खाली गारठा गेला की बाहेर रंग नीट धरत नाही, आणि अर्धवट वाळलेली जाळी बसवून फर्नेस लावलास तर घरभर वास.

फर्नेसच्या धुराच्या पाइपवर गंज दिसला, तर मात्र रंगवायला जाऊ नकोस, मालकाला सांगून मेकॅनिक बोलव. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जातो, त्याचा वासही येत नाही. त्याचा अलार्म चालू आहे का, हे पोचल्या दिवशीच बटण दाबून बघजो.