हाताने सरकवायचे मॉडेल रेल्वेचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) दुरून चालवता येतात का? सांधे नवे घ्यावे लागतील का?

येतात, आणि सांधे तेच राहू द्या. मोटर घ्यायच्या आधी मात्र सांध्याची सरकपट्टी, म्हणजे सरकणाऱ्या दोन टोकदार रुळांना (पात्यांना) जोडणारी आडवी पट्टी, बोटाने हलवून बघा. ती 'टक्' करून एका बाजूला बसत असेल, तर आत स्प्रिंग आहे. पेको या कंपनीच्या बऱ्याच सांध्यांत ती असते. मोटर कोणती घ्यायची ते या स्प्रिंगवर ठरतं.

स्प्रिंग ठेवायची असेल तर दोन कॉइलची सोलेनॉइड मोटर (विद्युतचुंबकाने दांडा ओढणारी) बसवा. ती एका झटक्यात सांधा फेकते आणि पुढे स्प्रिंग त्याला धरून ठेवते. हिला वीज फक्त क्षणभर द्यायची, म्हणून साधा चालू-बंद स्विच चालत नाही, दाबून सोडायचं बटणच हवं. बटण अडकलं की कॉइल जळते. त्यामुळे मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज युनिट घालाच. ते साठवलेली वीज एकदम सोडतं, झटका जोरदार बसतो आणि बटण दाबलेलं राहिलं तरी कॉइलला फारसा करंट जात नाही.

मला स्वतःला तो खटका आवडत नाही. खऱ्या रेल्वेचा सांधा असा उडी मारत नाही. सावकाश सरकणारा हवा असेल तर सर्किट्रॉन कंपनीची टॉर्टॉइज ही मोटर बघा. ती १२ व्होल्ट डीसीवर चालते. टोकाला पोचली की अडून उभी राहते, तेव्हाही वीज चालूच असते, पण करंट जेमतेम १६ मिलीअँपिअर, त्यामुळे ती तापत नाही. दिशा बदलायला डीपीडीटी स्विचने (दोन्ही तारा एकदम बदलणाऱ्या) प्लस-मायनस उलटवायचे. हिच्यासाठी सांध्यातली स्प्रिंग काढून टाका, नाहीतर मोटर हळू निघते आणि सांधा शेवटी उडी मारतोच. ही मोटर रुळांखालच्या फळीच्या खालून बसते. फळी जाड असेल तर मोटरपासून सरकपट्टीपर्यंत जाणारी, सोबत येणारी तार वाकते आणि पाती रुळाला नीट टेकत नाहीत. अशा वेळी जाड पोलादी तार घाला.

स्वस्तात करायचं तर छोटे सर्व्हो (ठरवलेल्या कोनापर्यंतच फिरणाऱ्या मोटरी) आहेत. त्यांना ५ व्होल्ट आणि पल्स देणारं सर्किट लागतं, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) पुरतो. फिरण्याचा कोन मात्र जपून ठरवा, सर्व्हो जास्त फिरला तर सरकपट्टी तोडतो. वीज सुरू करताना काही सर्व्हो दचकतात, तेव्हा सांध्यावर गाडी उभी नसलेली बरी.

आता लोक हमखास विसरतात ती गोष्ट. फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचा आणि वीजवाहक असेल, तर सांधा बदलताना त्याची पोलॅरिटीही (प्लस की मायनस) बदलायला हवी. काही सांध्यांत फ्रॉगला वीज पात्यांच्या स्पर्शातूनच मिळते, पण धूळ बसली की इंजिन तिथेच थांबतं. टॉर्टॉइजमध्ये यासाठी दोन चेंजओव्हर संपर्क (मोटरसोबत आपोआप बदलणारे स्विच) असतात, त्यातला एक फ्रॉगला जोडा. सोलेनॉइड किंवा सर्व्होला वेगळा मायक्रोस्विच किंवा रिले लागेल. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर हा प्रश्नच नाही.

फळीखाली हात पोचत नसेल तर सांध्याच्या बाजूला वरच बसणारी मोटर घ्या आणि ती एखाद्या शेडखाली लपवा. भोक पाडायचंच असेल तर आधी सरकपट्टीखाली खूण करा आणि सांधा उचलून मगच ड्रिल चालवा.