मुलीचा विषय योग्य आहे, तयारी मात्र गणिताची हवी

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातून आपण लिहिलेले पत्र मिळाले. आपण प्राथमिक शिक्षक आहात, मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे, आणि लग्नाचे व्यवहार, स्थलांतर आणि विकासाची धोरणे या विषयात संशोधन करायचे तिने ठरवले आहे. ‘लग्नाचा अर्थशास्त्राशी संबंध काय आणि असल्या संशोधनावर पोट कसे भरणार? त्यापेक्षा तिने बी.एड. करावे,’ असे आपण लिहिले आहे.

संबंध काय, याचे उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. म्हणजे ज्या करारावर साखर कारखान्यांचा हंगाम उभा राहतो, त्याचे एकक लग्न हेच आहे. पूर्ण कोयत्याची उचल मिळावी म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने उरकलेली लग्ने आपण पाहिली असतील. पटावर नाव असलेली मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही, तेव्हा तिच्या शिक्षणाचा, लग्नाचा आणि स्थलांतराचा निर्णय एकाच व्यवहारात झालेला असतो. आपली मुलगी याच व्यवहाराचा अभ्यास करू पाहते आहे.

हा विषय नवा नाही आणि त्याची काही मुळे आपल्याच मातीत आहेत. इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू भागातील निवडक गावांतल्या कुटुंबांच्या शेतीच्या आणि घरखर्चाच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, तसेच अकोला जिल्ह्यातील कान्झरा आणि किनखेडा ही गावे होती. या गावपाहणीच्या आधारे मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली असे दाखवले की, ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे, ती घरे मुली लांबच्या गावी देतात. कारण दोन्ही गावांत एकाच वर्षी पीक बुडण्याची शक्यता कमी असते आणि अडीनडीला सोयरे उपयोगी पडतात. आपल्याकडे जाणती माणसे सोयरीक जुळवताना पाण्याचा विचार करतातच. या अभ्यासाने त्या शहाणपणाला आकड्यांचा पुरावा दिला.

धोरणाशी याचा संबंध फार जवळचा आहे. इंडोनेशियाने १९७० च्या दशकात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, ज्या समाजांत देज, म्हणजे लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी द्यायची रक्कम, देण्याची चाल होती तिथे या शाळांमुळे मुलींचे शिक्षण वाढले, आणि जिथे ती चाल नव्हती तिथे तशी वाढ दिसली नाही; शिकलेल्या मुलीला देज अधिक मिळत असल्याने आईवडिलांना तिला शाळेत घालण्याचे एक जादा कारण होते. दुष्काळाचेही तसेच आहे: देज घेणाऱ्या आफ्रिकी समाजांत दुष्काळ पडला की मुलींची लग्ने लवकर होतात, तर हुंडा द्यावा लागणाऱ्या भारतात ती लांबतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात हे गणित कोयत्यामुळे बदलते का, हा प्रश्न कोणीतरी नीट, आकड्यांनिशी विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते.

तो विचारायला आपल्या मुलीसारखी माणसे लागतात. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांचे कारण ‘लग्न’ असे नोंदले गेले. लग्न होऊन सासरी आलेली आणि दरवर्षी नवऱ्याबरोबर फडावर जाणारी बाई तिथे एवढी एकच नोंद होऊन राहते. तिला पुढचा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, उचल कोणाच्या हातात पडते हे सासूच्या देखत विचारावे की नाही, हे त्या भागात वाढलेल्या मुलीला शिकवावे लागत नाही.

आता अडचणीचे बोलतो. तिने बारावी कला शाखेतून, गणित न घेता केली आहे, आणि माझी खरी काळजी तीच आहे. भारतीय सांख्यिकी संस्था किंवा मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, जी रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केली, अशा ठिकाणच्या प्रवेश परीक्षा गणिताच्या जोरावरच पार होतात. पुढच्या दीड वर्षात तिने अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची गणिताची पुस्तके, विशेषतः कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता, रोज दोन तास सोडवली पाहिजेत. ते जमले नाही, तर विषयाची आवड कितीही असली तरी मी तिला या वाटेने जायला सांगणार नाही. प्रत्येक संस्थेची पात्रतेची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचून घ्यावी. पुण्याची गोखले संस्थाही यादीत ठेवावी, आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था तर आवर्जून, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तीच पाहते.

पोटापाण्याचे म्हणाल तर एम.ए.नंतर संशोधन सहायक म्हणून कामे मिळतात, पण ती बहुधा कराराची असतात. पक्की नोकरी हवी असल्यास नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी किंवा यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा हे मार्ग आहेत. बी.एड. पुढे केव्हाही करता येते; गणिताची तयारी मात्र आता सुटली तर पुन्हा धरणे कठीण जाते.

नातेवाईक स्थळे आणत आहेत, असे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. एम.ए. पूर्ण होईपर्यंत तो विषय बाजूला ठेवावा, अशी माझी आपल्याला स्पष्ट विनंती आहे. या सुट्टीत तिला गणिताच्या अभ्यासाला बसवा, आणि कॅल्क्युलसचे पहिले दोन धडे झाले की तिने सोडवलेली वही मला पाठवा.