वेतन की केनन? आणि पाणिनीचं एक सूत्र

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नव्याने राहायला गेलेल्या एका बाईंनी विचारलंय: इंग्रजीतल्या 'नो' या क्रियापदाला डचमध्ये 'वेतन' म्हणायचं की 'केनन'? वर्गात त्यांना सांगितलंय, माणूस असेल तर केनन, वस्तू असेल तर वेतन.

हा नियम चूक आहे. तरी जो भेटतो तो हाच ऐकवतो. गाणं काय माणूस आहे? उत्रेख्त शहर माणूस आहे? पण 'ते गाणं तुला माहीत आहे का?' हे डच माणूस 'केन ये दात लीत्ये?' असंच विचारणार. ज्याच्याशी परिचय झालाय ते केनन, मग ते माणूस असो, गाव असो नाहीतर पुस्तक. नुसती माहिती असेल तर वेतन. पुढे 'की', 'कुठे', 'कोण', 'का' आलं की बिनदिक्कत वेतन: 'इक वेत वार हाय वोन्त', तो कुठे राहतो ते मला माहीत आहे. पण 'इक केन हेम', मी त्याला ओळखतो. आणि पोहणं या दोन्हींत बसत नाही. तिथे तिसरंच क्रियापद, 'इक कान झ्वेमन'. आपणही 'पोहता येतं' असंच म्हणतो ना? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून थेट डचमध्ये जा, निम्मी अडचण तिथेच सुटते.

आता वेतन या शब्दाकडे येऊ. आपल्या पगाराच्या वेतनाशी त्याचा संबंध नाही, आहे तो 'वेद'शी. पण म्हणून 'डच लोकांनी वेद हा शब्द संस्कृतातून उचलला' असं जे फिरत असतं, ते साफ खोटं आहे. ही सख्खी भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. दोघांच्या समान पूर्वज भाषेतल्या 'द'चा डच, इंग्रजी, जर्मन यांच्या जर्मानिक शाखेत 'त' झाला: दंत तसा डच 'तांत', द्वि तसा 'त्वे', दश तसा 'तीन' (हो, डचमध्ये तीन म्हणजे दहा). तसाच, 'वेद' ज्यातून आला त्या 'जाणणे' अर्थाच्या विद्‌चा वेत. संस्कृत 'ज'च्या जागी तिकडे 'क' दिसतो: जानु म्हणजे गुडघा, डचमध्ये 'क्नी'. त्याच न्यायाने ज्ञा, जानाति, आपलं जाणणं एका बाजूला आणि केनन दुसऱ्या बाजूला.

पण मला वेड लावलं ते पाणिनीच्या 'विदो लटो वा' या सूत्राने. विद् धातूला वर्तमानकाळात विकल्पाने परोक्ष भूतकाळाचे प्रत्यय लागतात, असं ते सांगतं. 'वेत्ति' बरोबर, आणि 'वेद'ही बरोबर. रूप भूतकाळाचं, अर्थ मात्र 'तो जाणतो'. आता चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलची भाषा, म्हणजे जर्मानिक शाखेतलीच एक जुनी भाषा, बघा: 'वाइत' म्हणजे मी जाणतो, 'वितुम' म्हणजे आम्ही जाणतो. संस्कृतात 'वेद' आणि 'विद्म'. भूतकाळी रूपाचा तोच वर्तमान अर्थ, एकवचन-बहुवचनातला तोच स्वरबदल! मूळ अर्थ होता 'मी पाहिलंय', म्हणून 'मला माहीत आहे'. लॅटिनमध्ये 'विदेरे' म्हणजे अजूनही पाहणंच.

यावरून माझं ठाम मत असं आहे की वेतन आणि केननमधला आजचा फरकही इथूनच आला. जे पाहिलं ते लांबूनही कळतं, पण ओळख व्हायला जवळ जावं लागतं. व्युत्पत्तीचा आजच्या वापराशी काडीचा संबंध नसतो, असं म्हणणारे भाषातज्ज्ञ आहेत. त्यांनी दोन्ही शब्दांची शंभर वाक्यं शेजारी शेजारी मांडावीत आणि मग बोलावं.

बाईंना एक शब्द मुद्दाम सांगतो. गणिताला युरोपातल्या बहुतेक भाषांत ग्रीक शब्द चालतो, डचमध्ये मात्र 'विस्कुंदे'. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुखमध्ये 1548 साली जन्मलेल्या सिमोन स्टेविन या गणितज्ञाने त्यासाठी 'विसकोन्स्त' हा शब्द घडवला होता. 'विस' म्हणजे निश्चित, आणि तो वेतनच्या घरातला. 'कोन्स्त' काय आणि आजचं 'कुंदे' काय, दोन्ही केनन आणि कानच्या घरातले. तुम्ही ज्या दोघांतून एक निवडायला निघालात, ते दोघे तुमच्या मुलांच्या गणिताच्या वहीवर एकाच शब्दात बसलेत.