जुन्या पिकअपचा एसी अर्ध्या तासाने गरम हवा देतो, कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

तुमची 2010 ची टाटा झेनॉन. सकाळी एसी गार लागतो, अर्ध्या तासाने गरम हवा येते, दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा गार. आणि गेज (एसीच्या गॅसचा दाब मोजणारं मीटर) न लावताच मेकॅनिकने तुम्हाला कॉम्प्रेसर बदलायला सांगितलंय. एवढ्यावर बदलू नका. आतून झिजलेला कॉम्प्रेसर सहसा असा चालू-बंद खेळत नाही, तो सकाळपासूनच कमी गार करतो. तुमची लक्षणं आधी कॉम्प्रेसरच्या क्लचकडे बोट दाखवतात, म्हणजे पुलीची फिरकी चुंबकाने कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या भागाकडे.

गरम हवा सुरू झाली की लगेच गाडी थांबवा, इंजिन आणि एसी चालूच ठेवा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. पुली फिरतेय पण तिच्या पुढची प्लेट स्थिर आहे, म्हणजे क्लच सुटलाय. आता मल्टिमीटरने क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, कनेक्टर जोडलेला असतानाच, मागून पिन लावून. बॅटरीवर 13.5 ते 14 आणि इथे 11 च्या आसपास दिसत असेल तर रिलेचे (क्लचचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळालेत किंवा अर्थिंग गंजलंय. काहीच व्होल्टेज नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच (गॅसचा दाब फार कमी-जास्त झाला की क्लच बंद करणारा) आणि कूलिंग कॉइलजवळचा थर्मोस्टॅट या क्रमाने मागे जा. प्रेशर स्विचला वायर जोडून बायपास करायचा मोह टाळा. गॅस कमी असताना तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही, आणि मग चांगला कॉम्प्रेसरही जाम होतो.

व्होल्टेज पूर्ण येतंय आणि तरी प्लेट चिकटत नाही, तर गॅप मोजा. जुन्या गाड्यांत हा दोष फार सापडतो आणि तितकाच नजरेतून सुटतो. वर्षानुवर्षं घासून प्लेट आणि पुली यांच्यातलं अंतर वाढतं. थंड असताना क्लचची कॉइल (करंट मिळाला की चुंबक होणारं तारेचं वेटोळं) तेवढं अंतर ओढून घेते. तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, चुंबकाची ओढ कमी पडते आणि एकदा सुटलेली प्लेट परत चिकटत नाही. निवली की पुन्हा चालू. इंजिन बंद करून चावी काढा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी घाला. साधारण 0.3 ते 0.6 मिमी गॅप हवा. 0.8 च्या वर गेला असेल तर मधला नट काढून प्लेट उतरवा, आतल्या पातळ शिमपैकी (चकत्यांपैकी) एक काढा आणि पुन्हा मोजा. क्लचची कॉइल थंड असताना बहुतेक वेळा 3 ते 5 ओहम दाखवते. फार कमी किंवा ओपन दाखवली तर फक्त कॉइल बदला. पूर्ण कॉम्प्रेसरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

गरम हवा येत असताना प्लेट मात्र फिरतच असेल, तर गोष्ट वेगळी. मग मॅनिफोल्ड गेज लावा; त्याचा एक काटा लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा) आणि दुसरा हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) दाब दाखवतो. इंजिन बंद, गाडी निवलेली आणि हवा 30 अंश असताना आर-134ए (या एसीतला गॅस) चे दोन्ही काटे 95-100 पीएसआयच्या आसपास थांबतात. यावरून गॅस शिल्लक आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे की नाही ते नाही. आता 1500 आरपीएम, ब्लोअर फुल, दारं उघडी ठेवा. बाहेर 35 अंश असताना लो साइड 35-45 आणि हाय साइड 200-250 च्या घरात हवी.

दोन्ही कमी असतील तर गॅस कमी, लिकेज शोधा. क्लचच्या मागे तेलकट धुळीचं कडं दिसलं तर शाफ्ट सील गळतंय. लो साइड शून्याखाली व्हॅक्यूममध्ये जाते आणि थांबून पुन्हा नीट होते, तर सिस्टिममधल्या ओलाव्याचा बर्फ एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतोय. तुमच्या लक्षणांशी हेही जुळतं, म्हणून प्लेट बघणं महत्त्वाचं. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरवर (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीवर) पाण्याचा फवारा मारा. हाय साइड झटकन उतरली आणि हवा गार झाली, तर कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. जाळीतली माती आणि पंखा बघा. उसाच्या नाहीतर खडीच्या कामावरच्या गाड्यांत हे नेहमीचंच.

कॉम्प्रेसर आतून खरोखर गेल्याची मुख्य खूण ही: लो साइड 70-80 वर, हाय साइड जेमतेम 120-130, आणि रेस वाढवली तरी काटे एकमेकांपासून लांब जात नाहीत. एसी बंद करताच दोन्ही काटे क्षणात एकत्र आले तर आतली व्हॉल्व्ह प्लेट गळतेय हे जवळपास पक्कं. आवाजाचं म्हणाल तर एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर ते पुलीचं बेअरिंग, ते वेगळं मिळतं.

बदलायचाच झाला तर जुन्यातलं तेल पांढऱ्या कागदावर ओतून बघा. काळं आणि चमचमणारं असेल तर धातूचा कीस सगळीकडे पोचलाय. पातळ नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, तोही बदला. ड्रायर (ओलावा शोषणारी बाटली) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह तर बदलाच, नाहीतर तोच कीस नवा कॉम्प्रेसर खाईल. नंतर किमान 30-45 मिनिटं व्हॅक्यूम, पंप बंद करून 15 मिनिटं काटा हलत नाही याची खात्री, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजन करून. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल भरून आलंय का ते आधी विचारा. भरलेल्यात वरून आणखी ओतलं तर कूलिंग कमी होतं, आणि कोरडाच बसवला तर तो फार दिवस टिकत नाही.